सोडून दिलेल्या दाव्याचा खर्च

कोल्हापूर शहराच्या आग्नेयेस, हुपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव आहे. त्याच्या शिवेलगत गांधीनगरची घाऊक कापडपेठ पसरलेली आहे. ती पेठ ज्या वळिवड्याच्या माळावर वाढली तेथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी होती, आणि फाळणीनंतर त्याच छावणीच्या जागी सिंधी कुटुंबे वसविण्यात आली. दुसऱ्या अंगास उजळाईवाडीचा विमानतळ आहे, आणि गावात गोकुळ दूध संघाचा पशुखाद्याचा कारखाना आहे. अशा गावाचे अर्थकारण ऊस, दूध आणि उधारी या तिन्हींवर चालावे हे ओघानेच येते. उसाच्या लागणीस पीककर्ज लागते, गुऱ्हाळ चालू असताना अडत्याची उचल घ्यावी लागते, म्हैस घ्यावयाची तर हप्ते आले, आणि लग्नसराईत पेठेतील कापड बहुधा वायद्यावर येते. जेथे वायदा आहे तेथे तो चुकणेही आहे, आणि वायदा चुकला की तगादा, नोटीस व फिर्याद ही पायरीपायरीने ठरलेली वाट आहे.

या वाटेवरील एका वळणाकडे इतिहासकारांचे आणि कायदेपंडितांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. धनको दावा लावतो, ऋणको वकीलपत्र देतो, कैफियत दाखल होते, चारदोन तारखा पडतात, आणि मग एके दिवशी वादीचा वकील पुरशिस देतो की दावा पुढे चालवावयाचा नाही. कधी हिशेबात चूक सापडलेली असते, कधी रोखा मुदतीबाहेर गेलेला असतो, कधी सावकाराजवळ परवानाच नसतो, तर कधी गावातील चार माणसे मध्ये पडलेली असतात. रोजनाम्यात एक ओळ लिहिली जाते आणि तिच्या शेवटी बहुतेक वेळा असे येते की उभयपक्षांनी आपापला खर्च सोसावा. ज्याने दावा लावला त्याने तो आपल्या इच्छेने लावला होता. ज्याच्यावर लागला त्याला मात्र वकिलाची फी, नकलांचे पैसे आणि बुडालेल्या मजुरीचे दिवस हे सारे इच्छेविरुद्ध सोसावे लागले. हा खर्च कोणी द्यावा, या प्रश्नाला आपल्या मुलखात निरनिराळ्या काळी जी उत्तरे मिळाली त्यांचा मागोवा घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्राचीन स्मृतिकारांनी ऋणादान, म्हणजे कर्जाचा तंटा, हे व्यवहारपदांमध्ये, म्हणजे दाव्यांच्या प्रकारांमध्ये, पहिले मानले. मनूच्या मते ऋणकोने राजसभेत देणे कबूल केले तर शेकडा पाच आणि नाकारूनही ते शाबीत झाले तर शेकडा दहा असा दंड त्याने राजास द्यावा. याज्ञवल्क्याने राजाच्या साहाय्याने वसूल झालेल्या रकमेवर ऋणकोकडून शेकडा दहा घ्यावेत असे सांगून, ज्याचे द्रव्य परत आले त्या धनकोकडूनही शेकडा पाच घ्यावेत असे म्हटले. आणि त्याच्या स्मृतीवर टीका लिहिणाऱ्या मिताक्षराकाराने हा धनकोचा भाग म्हणजे राजाच्या श्रमाचे वेतन होय असा त्याचा अर्थ लाविला. नारदाने पराभूत मानावयाच्या पाच प्रकारच्या पक्षकारांची गणना केली असून तीत बोलाविल्यावर न येणारा आणि बोलावणे आल्यावर पळून जाणारा हे दोघेही आहेत. दावा अर्ध्यावर टाकणे ही गोष्ट त्या काळच्या शास्त्रकारांना परिचित होती आणि तिला ते निर्दोष मानीत नव्हते, एवढे यावरून दिसते. परंतु या संपूर्ण व्यवस्थेत एक उणीव आहे, आणि ती पुढे शतकानुशतके राहिली: दंड राजाच्या कोठारात जातो; विनाकारण ओढला गेलेल्या प्रतिपक्षाच्या हाती त्यातील कवडीही पडत नाही.

मराठी राज्यात हीच रीत निराळ्या नावांनी चालू राहिली. मनसुबीत, म्हणजे न्यायनिवाड्यात, ज्याचा पक्ष खरा ठरे तो सरकारास हरकी देई, ज्याचा खोटा ठरे त्याजकडून गुन्हेगारी घेतली जाई, आणि दोन्ही रकमा दिवाणात जमा होत. कर्जाच्या वसुलीत सरकारचे साहाय्य घेतले तर वसूल झालेल्या रकमेचा चौथा हिस्सा सरकारास द्यावा लागे. १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात तगाद्याचे वर्णन आलेले आहे. ऋणकोच्या दारी माणूस बसविणे, धरणे धरून स्वतः उपाशी राहणे व त्यालाही उपाशी ठेवणे, आणि अगदी टोकास गेल्यास डोक्यावर दगड देऊन उन्हात उभे करणे, अशा त्याच्या चढत्या पायऱ्या होत्या. वारणेच्या १७३१ च्या तहाने स्वतंत्र झालेल्या करवीर, म्हणजे कोल्हापूर, दरबाराचीही घडण त्याच मराठी राज्यपद्धतीतून झालेली असल्याने तेथील वहिवाटही याच वळणाची होती.

या पद्धतीत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी बाब म्हणजे मसाला. सरकारातून ज्याला बोलावणे जाई त्याच्याकडूनच बोलावणे नेणाऱ्या प्याद्याची वाटखर्ची घेतली जाई. ती म्हणजे मसाला. दारी बसलेल्या माणसाच्या पोटाची सोयही ज्याच्या दारी तो बसला त्यानेच करावयाची. म्हणजे फिर्याद खरी की खोटी हे ठरण्यापूर्वीच, किंबहुना ती चालणार की नाही हेही कळण्यापूर्वी, ऋणकोच्या गाठीचे काही गेलेलेच असे. दुसऱ्या दिवशी धनकोने फिर्याद सोडून दिली तरी मसाला परत येण्याची वाट नव्हती. मराठेशाहीच्या न्यायदानातील पंचांची मध्यस्थी, साक्षीदारांच्या तोंडी येणारा गावाचा अनुभव आणि निकालाची सोपी भाषा यांविषयी मला मनःपूर्वक आदर आहे. पण खर्चाच्या या एका बाबतीत ती व्यवस्था दुबळ्याच्या बाजूची नव्हती, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

प्रतिपक्षाचा खर्च प्रतिपक्षाला भरून द्यावा ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी कायद्याबरोबर आली, आणि ती तिच्या मायभूमीतही एका रात्रीत जन्मलेली नव्हती. इंग्लंडात १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्याने जिंकणाऱ्या वादीला खर्च मिळू लागला. हरणाऱ्या किंवा दावा मध्येच सोडणाऱ्या वादीकडून प्रतिवादीला खर्च मिळावा ही तरतूद होण्यास १५३१ साल उजाडावे लागले. अडीचशे वर्षे तेथील न्यायालयांत ज्याच्यावर दावा होई त्याचा खर्च ही ज्याची त्याची आपत्ती होती. अमेरिकेने तर पुढे हा इंग्रजी नियम टाकून देऊन वकिलाचा खर्च ज्याचा त्याने करावा हेच तत्त्व स्वीकारले, व ते तेथे आजही सामान्यतः चालू आहे.

हिंदुस्थानात १८५९ च्या आठव्या कायद्याने, म्हणजे पहिल्या दिवाणी व्यवहार संहितेने, दावा काढून घेण्याची रीत प्रथमच एकसूत्री केली. न्यायालयाची परवानगी घेऊन वादीने दावा काढून घेतला तर त्याला तोच दावा नव्याने लावता येई, आणि ती परवानगी देताना खर्चाविषयी योग्य ती अट घालण्याचा अधिकार न्यायाधीशाला होता. परवानगीशिवाय काढून घेतला तर नवा दावा लावण्याची वाट बंद होई. हाच धागा १८७७ च्या आणि १८८२ च्या संहितांतून पुढे येत १९०८ च्या पाचव्या कायद्यात, तेविसाव्या आदेशाच्या पहिल्या नियमात, स्थिर झाला. परवानगीवाचून दावा सोडणारा वादी न्यायालय ठरवील त्या खर्चास जबाबदार राहील, असे तो नियम निःसंदिग्ध शब्दांत सांगतो. त्याच संहितेचे पस्तिसावे कलम खर्च निकालामागे जावा असे गृहीत धरते, आणि तसा तो जाऊ नये असे न्यायाधीशाला वाटले तर त्याने त्याची कारणे लिहून ठेवावीत असे बजाविते. एवढी स्वच्छ तरतूद असता ‘आपापला खर्च सोसावा’ ही ओळ इतकी रुळली कशी, हा प्रश्न मनात येतो.

त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसून खेड्याच्या स्थितीत आहे. १८७० च्या कोर्ट-फी कायद्याने लहान दाव्यांवर दर पाच रुपयांस सहा आणे असा दर बसविला, म्हणजे शंभर रुपयांच्या दाव्यास साडेसात रुपयांचा स्टॅम्प लागे. ही रक्कम सावकार आधी भरी आणि हुकूमनाम्यात ती कुळाच्या नावे चढे. शिवाय वकिलाची ठरीव फी, समन्साचा खर्च आणि दरखास्तीचा खर्च हेही मुद्दलाच्या पाठोपाठ त्याच्याच डोक्यावर येत. कुळाला हे पक्के ठाऊक असल्यामुळे समन्स आले की तो बहुधा न्यायालयात जातच नसे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या घरांतील खते जाळली आणि तो वणवा नगर जिल्ह्यापर्यंत गेला, तेव्हा नेमलेल्या चौकशी आयोगासही असेच आढळले की सावकारांचे दावे मोठ्या प्रमाणावर एकतर्फी निकाली निघत होते. जो हजरच नाही त्याचा खर्च तरी काय असणार, आणि तो मागणार कोण?

त्या दंग्यांतून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संकटनिवारणाचा कायदा निघाला. खर्चाच्या इतिहासात त्याचे स्थान फार वरचे आहे, कारण दावा न्यायालयात जाण्यापूर्वीच धनकोने तडजोड करून देणाऱ्या सरकारनियुक्त गृहस्थापुढे जावे, तेथे जमले नाही तर तसा दाखला घ्यावा आणि मगच फिर्याद द्यावी, असा दंडक त्याने घातला, आणि या तडजोडीच्या ठिकाणी वकिलास मज्जाव केला. जेथे वकीलच नाही तेथे वकिलाच्या फीचा तंटाही नाही. न्यायाधीशाने केवळ रोख्यावरील अंगठा पाहून न थांबता व्यवहाराचा मूळ हिशेब उकलावा, हेही याच कायद्याने सांगितले. त्याखालील विशेष न्यायाधीशाच्या पदावर १८८७ पासून महादेव गोविंद रानडे यांनी काम केले आणि पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांतील लहान न्यायालयांचे निकाल डोळ्यांखालून घातले. अर्थशास्त्रावरील त्यांच्या निबंधांची थोरवी सर्वजण गातात. पण शेतकऱ्यांच्या चारदोनशे रुपयांच्या फैसल्यांची दप्तरे गावोगावच्या न्यायालयांत जाऊन तपासणारे रानडे हे मला त्याहून थोर वाटतात.

गडमुडशिंगी मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर होते, कारण ते करवीर संस्थानात होते. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर संस्थानचा कारभार बराच काळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती राहिला आणि त्या अवधीत न्यायालयांना मुंबई इलाख्याचे वळण लागले. संस्थानचा स्वतःचा कोर्ट-फी स्टॅम्प होता, स्वतःची न्यायालये होती, आणि वकिलीच्या सनदाही दरबारच देई. येथे राजर्षी शाहू महाराजांच्या तीन कृतींचा उल्लेख केला पाहिजे, कारण कर्जाच्या दाव्याशी त्यांचा निकटचा संबंध आहे. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतन बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, त्यामुळे गावचे दप्तर, आणि त्याबरोबर अक्षरशून्य कुळाचा हिशेब, एका वंशपरंपरागत लेखणीच्या ताब्यातून सुटला. त्यापूर्वीच त्यांनी संस्थानात सहकाराचा कायदा केला आणि १९१३ मध्ये कोल्हापूर अर्बन ही पतसंस्था उभी राहून सावकाराशिवाय कर्ज मिळण्याची एक वाट शहरात उघडली. तिसरी कृती म्हणजे अस्पृश्य मानलेल्या समाजातील माणसांना त्यांनी दिलेल्या वकिलीच्या सनदा. ज्या समाजातील ऋणकोला आजवर परक्याच्याच तोंडून बोलावे लागत होते त्याला न्यायालयात आपला माणूस उभा करता येऊ लागला. खर्च मागण्यासाठी आधी मागणारा लागतो, आणि शाहू महाराजांनी तो मागणारा निर्माण केला, असे माझे मत आहे.

याच्या जोडीला एक कठोर आणि काहीशी विसरलेली बाब सांगावयास हवी. हुकूमनाम्याची रक्कम न देणाऱ्या ऋणकोस दिवाणी तुरुंगात टाकता येत असे, मात्र त्याच्या पोटगीचा भत्ता धनकोने आगाऊ भरावयाचा, आणि तो भरला नाही तर कैदी सुटे. वरकरणी हा ऋणकोवरील अनुग्रह वाटतो. परंतु संहितेने हा भत्ताही दाव्याच्या खर्चातच धरला, म्हणजे तुरुंगात खाल्लेल्या भाकरीचे पैसेही शेवटी खाणाऱ्याच्याच नावे लिहिले जात. तेवढ्यासाठी त्याला पुन्हा अटकेत ठेवता येत नसे, एवढीच त्यात सवलत होती.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणि नंतर कायद्याचा कल बदलला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना नसलेल्या सावकाराला हुकूमनामा मिळण्याची वाट बंद केली, आणि कुळाला नियमाप्रमाणे हिशेब न देणाऱ्या सावकाराचे व्याजच नव्हे तर दाव्याचा खर्चही नामंजूर करण्याचा अधिकार न्यायालयास दिला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि हे कायदे गडमुडशिंगीपर्यंत पोहोचले. त्याच दिवसापासून आणखी एक गोष्ट घडली, जिची किंमत सामान्य पक्षकाराने पाऊणशे वर्षे मोजली: संस्थानचे उच्च न्यायालय संपले आणि वरच्या अपिलासाठी सुमारे पावणेचारशे किलोमीटरांवरील मुंबई गाठणे भाग पडू लागले. पाचपन्नास हजारांच्या देण्यासाठी मुंबईच्या वकिलाची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च ज्याला झेपत नाही तो खालच्या न्यायालयातील अन्याय्य अटही निमूटपणे मान्य करतो. ‘आपापला खर्च’ या ओळीला अशा लाचारीचाही हातभार लागलेला आहे. वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशकांहून अधिक काळ लढा दिल्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी मार्गावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी बसू लागले, ही आनंदाची घटना आहे.

१९७५ च्या महाराष्ट्र कर्जनिवारण कायद्याने तर अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जेच माफ केली आणि त्यांवरील चालू दावे आपोआप संपुष्टात आणले; १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. सरकारच्या एका सहीने इतके दावे संपल्याचे उदाहरण आपल्या प्रांतात दुसरे क्वचितच असेल. कर्ज बुडाल्याचे दुःख सावकारांनी बोलून दाखविले, आणि कर्ज सुटल्याच्या आनंदात ऋणकोंना वकिलास दिलेल्या पैशांची आठवण राहिली नाही.

आजची स्थिती कायद्याच्या दृष्टीने पूर्वीपेक्षा बरी आहे, आणि तरीही तिच्यात एक विषमता आहे, जी मला अस्वस्थ करते. पुरावा नोंदविला जाण्यापूर्वी तडजोड झाली तर वादीने भरलेल्या कोर्ट-फीपैकी निम्मी आपल्या राज्यात परत मिळते, आणि लोकअदालतीत दावा मिटला तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे ती परत मिळते. तंटे मिटावेत म्हणून केलेली ही सवलत स्तुत्यच आहे. पण प्रतिवादीने कोर्ट-फी भरलेली नसते. त्याने भरलेली असते वकिलाची फी, आणि ती परत करणारा कोणी नाही. खोट्या व त्रासदायक दाव्यासाठी नुकसानभरपाई देण्याचे कलम १९२२ साली संहितेत आले तेव्हा तिची मर्यादा हजार रुपये होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती तीन हजार झाली, आणि मोठ्या व्यापारी तंट्यांखेरीज अन्यत्र ती आजही तेवढीच आहे. २००५ च्या सेलम वकीलसंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खर्च हा वास्तव असावा, नाममात्र नसावा, असे बजाविले, आणि २०१२ च्या विधी आयोगाच्या २४० व्या अहवालानेही तेच प्रतिपादन केले. खालच्या न्यायालयांतील ठरीव फीचे आकडे मात्र वकिलाला प्रत्यक्ष द्याव्या लागणाऱ्या पैशांच्या जवळपासही येत नाहीत.

कापडपेठेतील उधारीचा तंटा आता बहुतेक वेळा दिवाणी दाव्याऐवजी न वटलेल्या धनादेशाच्या फिर्यादीच्या रूपाने उभा राहतो. तेथे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने उशिरा तडजोड करणाऱ्या आरोपीने धनादेशाच्या रकमेच्या शेकडा दहा, पंधरा किंवा वीस एवढी रक्कम, प्रकरण ज्या पायरीवर असेल त्याप्रमाणे, विधिसेवा प्राधिकरणाकडे भरावी असे ठरविले, आणि २०२५ मध्ये हे प्रमाण खाली आणले. शेकडा दहाचा तो आकडा याज्ञवल्क्याच्या आकड्याशी जुळावा हा योगायोग असेल. पण देणे मिटविताना ऋणकोने राज्यव्यवस्थेला काही द्यावे ही धारणा किती चिवट आहे हे त्यावरून कळते. फिर्याद देऊन ती मध्येच सोडणाऱ्याने समोरच्याला काय द्यावे याचे मात्र तेथे असे कोणतेही कोष्टक नाही.

म्हणून गडमुडशिंगीतील, आणि महाराष्ट्रातील कोणत्याही गावातील, ज्या गृहस्थावर कर्जाचा दावा लागला आहे त्याला माझी कळकळीची विनंती आहे. वकिलास दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि ती कागदांत ठेवा. समोरचा दावा काढून घेत आहे असे कळताच, सुटकेच्या आनंदात पुरशिसीवर सही करण्यापूर्वी, आपल्या वकिलास सांगा की खर्चाची मागणी लेखी नोंदवा. वादी पुन्हा दावा लावण्याची मोकळीक मागत असेल तर आधीचा खर्च भरल्याशिवाय नवा दावा चालू नये अशी अट मागा. तडजोड होत असेल तर खर्च कोणी किती द्यावयाचा हे तडजोडीतच रुपयांत लिहून घ्या. ही मागणी म्हणजे उपकाराची याचना नव्हे. १९०८ पासून ती कायद्यात लिहिलेली आहे, आणि न्यायाधीशाने ती नाकारली तर कारण लिहून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे.